दुरुस्त केलेल्या दागिन्यातला खडा पडला, तर भरून कोण देणार?

काही वर्षांपूर्वी आईच्या हिऱ्याच्या एका कुडीची फिरकी झिजली म्हणून ती पुण्यातल्याच एका पेढीवर दुरुस्तीला दिली. पाच दिवसांनी कुडी परत आली, उजळून लखलखीत. बाराव्या दिवशी पूजा करताना आईचा हात सहज कानाकडे गेला आणि बोटाला खळगा लागला. सात हिऱ्यांपैकी एक नव्हता. पेढीवरचे गृहस्थ म्हणाले, “आम्ही मागची फिरकी बदलली, हिऱ्यांना हातही लावला नाही.” आई म्हणाली, “देताना सातही घट्ट होते.” दोघेही खरे बोलत असतील. खरेखोटे तपासायला आमच्याकडे एकच कागद होता, त्यावर लिहिले होते: ‘कुडी – फिरकी’. वजन नाही, हिऱ्यांची संख्या नाही. अखेर जडणावळ त्यांनी सोडली, हिऱ्याचे पैसे आम्ही दिले. ती तडजोड रास्त होती का, हे मला आजही सांगता येत नाही.

वाचक हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. नथीतला मोती गळला, अंगठीतला पुष्कराज पडला, पॉलिशला दिलेल्या बांगडीतले दोन खडे परत येताना गायब होते. प्रत्येकाला हवे असते हो किंवा नाही असे उत्तर. तसे उत्तर देता येते, पण खडा कधी पडला, दागिन्याच्या कोणत्या भागावर काम झाले आणि पावतीवर काय लिहिले होते, या तीन गोष्टी आधी कळल्या पाहिजेत. त्यातल्या पहिल्या दोन तुमच्या हातात नाहीत. तिसरी आहे.

थोडक्यात उत्तर

- दागिना पेढीच्या ताब्यात असताना खडा हरवला किंवा फुटला, तर काळजी घेतली होती हे पेढीने दाखवायचे. ते जमले नाही तर भरपाई पेढीची.
- ज्या खड्याचे जडणकाम केले तोच खडा थोड्याच दिवसांत पडला, तर जबाबदारी बहुधा पेढीची.
- काम एका जागी आणि खडा पडला दुसऱ्याच जागचा, तर त्या कामाचा खड्याला धक्का बसला का, हे तुम्हाला दाखवावे लागते.
- दागिना बरेच महिने वापरात होता, आपटला, काटे झिजले, तर खर्च तुमचा.
- खडा सैल असल्याचे सांगूनही तुम्ही ‘असू दे, तेवढे राहू द्या’ म्हणालात आणि तशी नोंद झाली, तरीही खर्च तुमचाच.

कायद्यातले हवे तेवढेच

दुरुस्तीला दिलेला दागिना विकलेला नसतो, ठरावीक कामासाठी सोपवलेला असतो. अशा सोपवणुकीचे नियम भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहेत. त्याचे कलम १५१ सांगते की, सामान्य शहाणपणाचा माणूस तेवढ्याच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम १५२ प्रमाणे, वेगळा करार नसेल आणि एवढी काळजी घेतली असेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. म्हणजे पेढी विमा कंपनी नाही, पण ‘कसा गेला कोण जाणे’ एवढ्या उत्तरावर तिला सुटताही येत नाही. दागिना तिच्या कपाटात होता, तुमच्या नाही. तिथे काय घडले ते तिनेच सांगायचे.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ‘सेवा’ आहे आणि कामातला दोष, निष्काळजीपणा किंवा महत्त्वाची माहिती दडवून ठेवणे ही ‘सेवेतील त्रुटी’ आहे. पावती न देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हे लक्षात ठेवून पावती मागताना संकोच करू नका.

एक जुना निकाल इथे मोलाचा धडा देतो. मद्रास उच्च न्यायालयापुढच्या १९३०च्या दशकातल्या प्रकरणात एका बाईंनी जुने दागिने मोडून नवे करायला सोनाराला दिले होते. रोज संध्याकाळी त्या अर्धवट झालेले दागिने परत घेत, सोनाराच्याच खोलीतल्या पेटीत ठेवत आणि किल्ली स्वतःकडे ठेवत. एका रात्री दागिने चोरीला गेले. न्यायालयाने सोनाराला जबाबदार धरले नाही, कारण रोज संध्याकाळी ताबा बाईंकडे परत जात होता. ताबा कोणाचा, याला कायदा एवढे महत्त्व देतो. म्हणूनच तुम्ही दागिना कधी दिला आणि कधी परत घेतला, या दोन तारखा पावतीवर हव्यात.

तुमचा प्रसंग यांपैकी कोणता?

पेढीत असतानाच खडा गेला. दागिना परत घेतानाच खडा कमी दिसला, तर तुमची बाजू सर्वांत भक्कम. अट एकच: देताना तो खडा होता, हे दाखवता आले पाहिजे. पावतीवरची संख्या किंवा देण्याच्या दिवशीचा फोटो पुरतो.

काम बाहेरच्या कारागिराने केले. लक्ष्मी रस्त्यावर किंवा सोन्या मारुती चौकाच्या आसपास दिलेला दागिना काउंटरवरच दुरुस्त होतो असे नाही. अनेकदा तो जवळच्या पेठेतल्या एखाद्या माडीवर बसणाऱ्या कारागिराकडे जातो. ‘कारागिराकडून झाले’ हे स्पष्टीकरण पेढी आणि कारागीर यांच्या आपसातल्या हिशेबाचे आहे. तुम्ही दागिना पेढीला दिला, पैसे पेढीला दिले. उत्तर पेढीनेच द्यायचे. उलट, थोडे पैसे वाचवायला तुम्ही स्वतः कारागिराकडे गेलात, तर नंतर पेढीकडे बोट दाखवता येणार नाही.

काम शेजारी झाले, खडा दुसरा पडला. सर्वांत जास्त वाद इथेच होतात. आमची कुडीही याच रांगेतली. अंगठी मोठी करताना दांडी ताणली जाते आणि वरच्या बैठकीचा आकार किंचित बदलतो, त्यामुळे आधी घट्ट असलेले खडे सैल होऊ शकतात. डाग देताना लागणारी उष्णता शेजारच्या खड्यापर्यंत पोचते. पॉलिशच्या चाकावर झिजलेल्या काट्याचे उरलेसुरले सोने घासले जाते. अशी कामे करणाऱ्याने आजूबाजूचे खडे तपासून द्यावेत, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र मंगळसूत्राची वाटी बदलली आणि पदकातला खडा पडला, असा दूरचा संबंध जोडायला गेलात तर तो टिकणार नाही.

खडा पडला नाही, बिघडला. पाचूमध्ये नैसर्गिक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंना तेल मुरवलेले असते. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेवर तो धुतला तर तेल निघून जाते आणि भेगा उघड्या पडतात. भेगांत काच भरलेले माणिक ज्योतीच्या उष्णतेने आणि आम्लाने खराब होते. मोती आणि पोवळे मऊ असतात. त्यांना उष्णता, आम्ल, यंत्र यांपैकी काहीच सोसत नाही. धंद्यात असलेल्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवे. पण माणकात काच भरलेली आहे हे तुम्हाला माहीत होते आणि तुम्ही ते सांगितले नाही, तर दोषाचा वाटा तुमच्याकडे येतो. वस्तूतला माहीत असलेला दोष सांगणे हे वस्तू देणाऱ्याचे कर्तव्य असल्याचे करार कायद्याचे कलम १५० सांगते. पूर्वी कोणी खडा गोंदाने चिकटवला असेल तर तेही सांगून टाका.

दुरुस्ती फुकट केली होती. विनामूल्य सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. मूळ खरेदीच्या वेळी मोफत देखभालीचे आश्वासन दिलेले असेल तर ती सेवा त्या खरेदीचाच भाग आहे, असे म्हणता येते. ओळखीच्या सोनाराने आपुलकीने करून दिलेल्या कामाला मात्र हा आधार नसतो. काळजी घेण्याची करार कायद्यातली जबाबदारी तिथेही उरते, पण दाद मागायचा सोपा रस्ता बंद होतो. शंभर-दोनशे रुपये द्या आणि पावती घ्या.

नवा दागिना, खडा पहिल्याच महिन्यात गेला. इथे प्रश्न दुरुस्तीचा राहत नाही, तो सदोष मालाचा होतो. हॉलमार्क पुढे करून कोणी वाद मिटवू पाहत असेल, तर लक्षात ठेवा: हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. खड्याचा दर्जा किंवा जडणकामाची मजबुती यांच्याशी त्याचा संबंध नाही.

देताना: काउंटरवरची पाच मिनिटे

घरून निघण्यापूर्वी खिडकीच्या उजेडात दागिन्याचे चार फोटो काढा: समोरून, मागून, बाजूने आणि दुरुस्तीच्या जागेचा जवळून. मग दागिना कानाशी धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. सैल खडा बारीक टिकटिकतो. शालीच्या किंवा स्वेटरच्या लोकरीवरून दागिना अलगद फिरवा. उचकलेला काटा धाग्यात अडकतो.

पेढीवर गेल्यावर भिंग मागा. दहापट मोठे दाखवणारे भिंग प्रत्येक काउंटरवर असते आणि ते गिऱ्हाइकाने मागितले तर कोणी रागावत नाही. काउंटरवरच्या माणसाबरोबर खडे मोजा. सैल खडा निघाला तर त्याचे काय करायचे ते तिथेच ठरवा.

पावतीवर एवढे लिहून घ्या:

- दागिन्याचे नाव आणि वर्णन: ‘कुडी’ एवढेच नको, ‘हिऱ्याची कुडी, ७ हिरे, सोने २२ कॅरट’.
- ग्रॅममध्ये तीन दशांश स्थळांपर्यंत एकूण वजन, तुमच्या डोळ्यांदेखत.
- खड्यांची संख्या, रंग, अंदाजे माप; प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक.
- दिसणारे दोष: ‘डावीकडचा काटा झिजलेला’, ‘पाचूला कडेला टवका’.
- नेमके काम: काय करायचे आणि काय करायचे नाही. पाचू, मोती, पोवळे असेल तर ‘यंत्रात धुवू नये’.
- मजुरी, देण्याची तारीख, परत मिळण्याची तारीख.
- काम किती दिवस टिकेल याची हमी. दुरुस्तीच्या हमीची सरसकट मुदत कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ठरवाल आणि लिहून घ्याल तीच खरी.
- पेढीचा शिक्का आणि सही.

वजनाचा आग्रह का? एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. दहा सेंटचा, म्हणजे ०.१० कॅरटचा हिरा फक्त २० मिलिग्रॅम भरतो. दोन दशांशांच्या काट्यावर तो जेमतेम कळेल, तीन दशांशांवर स्वच्छ दिसेल. खडा बदलल्याचा संशयही वजनावरून तपासता येतो. चौथाई कॅरटचा गोल हिरा ५० मिलिग्रॅमचा. तेवढ्याच आकाराचा अमेरिकन डायमंड मात्र सुमारे ८० मिलिग्रॅमचा, कारण तो हिऱ्याहून बराच जड असतो. तरी वजन हा एकटा पुरावा धरू नका. पॉलिशमध्ये थोडे सोने जाते, डाग देताना थोडे वाढते. वजन, संख्या आणि फोटो, तिन्ही एकत्र ठेवा.

मोत्यांच्या जुन्या दागिन्यांबाबत आणखी एक सांगणे. आजीच्या नथीतले किंवा तन्मणीतले मोती कदाचित बसऱ्याचे, म्हणजे आखातातले नैसर्गिक असतील. ते बदलून आजचे संवर्धित मोती बसवले तर दिसायला फरक कळणार नाही, किमतीत मात्र मोठा फरक पडतो. नैसर्गिक की संवर्धित, हे खात्रीने ठरवायला प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी लागते. म्हणून मोती गाठवायला देताना संख्या तर लिहाच, शिवाय ‘जुने मोती तेच वापरावेत, उरलेले परत द्यावेत’ ही ओळ घाला. तुटलेले काटे, जुनी फिरकी, काढलेले खडे, हे सगळेही तुमचेच असते, मागून घ्या.

परत घेताना

घाईची वेळ टाळा. दसरा, धनत्रयोदशी किंवा गुरुपुष्यामृताच्या गर्दीत काउंटरवर कोणाला धड बोलायलाही सवड नसते. दागिना पुन्हा मोजा, खडे पुन्हा मोजा, टिचकी मारून ऐका. ‘माल बरोबर मिळाला’ अशा ओळीवर सही मागितली तर तपासून झाल्यावरच करा. दुरुस्तीचे पक्के बिल घ्या. ‘बिल घेतलं तर कर लागेल’ असे सुचवले जाते. कर भरून तुम्ही पुरावा विकत घेता.

खडा पडल्यावर, क्रमाने

१. दागिना काढून ठेवा. एका काट्याने साथ सोडली की शेजारच्यांचाही भरवसा नसतो. लहान पिशवीत घालून बाजूला ठेवा.

२. खडा शोधा. झाडू मारण्याआधी दिवे मालवा आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. पडलेला हिरा चमकून स्वतःच जागा सांगतो. सिंकमध्ये गेल्याची शंका असेल तर नळ बंद करा आणि खालच्या वळणदार पाइपातले पाणी बादलीत काढून गाळा. खडा सापडला तर कागदाच्या पुडीत ठेवा. फेव्हिक्विकने चिकटवू नका: मोती खराब होतो, आणि काटा कसा तुटला हा पुरावाही जातो.

३. काट्यांचे जवळून फोटो घ्या. काटा बाहेरच्या बाजूला वाकलेला असेल तर दागिना कुठेतरी अडकला किंवा आपटला असण्याची शक्यता. टोक कागदासारखे पातळ झाले असेल तर जुनी झीज. काटा सरळ आणि जाड असूनही खडा निसटला असेल, किंवा नव्या डागाची जागा सुटली असेल, तर काम कच्चे होते. निकाल यावर लागत नाही, पण बोलणे कुठून सुरू करायचे ते कळते.

४. त्याच दिवशी लेखी कळवा. फोन केलात तरी मागून व्हॉट्सॲपवर फोटो, पावती क्रमांक आणि तारीख पाठवा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. वाद वाढला तर मूळ फाइल आणि तिची तारीख लागते.

५. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. दुसऱ्या सोनाराकडून मत जरूर घ्या, शक्यतो लेखी. दुरुस्ती मात्र करून घेऊ नका. दुसऱ्याचा हात लागला की पहिला म्हणणार, ‘आता कोणामुळे गेला ते कसे सांगायचे?’

६. पेढीवर जा, पण दागिना बिनपावतीचा सोडून येऊ नका. तुमच्यासमोर भिंगाखाली पाहायला सांगा. ठेवावाच लागला तर नव्याने वजन, नव्याने पावती.

मागायचे काय?

आवाज चढवण्याआधी मागणी ठरवा. रास्त मागण्या अशा:

- खडा सापडला असेल तर विनामूल्य जडणकाम आणि उरलेल्या सर्व खड्यांची तपासणी.
- खडा हरवला असेल तर त्याच जातीचा, मापाचा, रंगाचा आणि दर्जाचा खडा. हिरा असेल तर बिलावर ‘नैसर्गिक’ हा शब्द. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा डोळ्यांना किंवा साध्या हिरा-तपासणी पेनाला वेगळा कळत नाही. त्या पेनाला बरेचदा मॉइसनाइटही हिराच वाटतो.
- तसा खडा मिळत नसेल तर त्याची किंमत. जुना दागिना असेल, बिल नसेल, तर सरकारमान्य मूल्यनिर्धारकाचे पत्र घ्या.
- कच्च्या कामाची मजुरी परत.

दोष कोणाचा हे खरोखरच ठरत नसेल तर खर्च वाटून घेण्यात कमीपणा नाही. खड्याची किंमत तुम्ही, जडणकाम त्यांनी, अशी तडजोड अनेकदा दोघांनाही परवडते. ती झाली तरी लिहून घ्या, नव्या कामाच्या हमीसकट.

पेढीलाही हक्क आहेत. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क तिला करार कायद्याच्या कलम १७० ने दिला आहे. गंमत म्हणजे, कायद्याने दिलेले उदाहरणही जवाहिऱ्याचेच आहे: पैलू पाडायला दिलेला हिरा मजुरी मिळेपर्यंत तो ठेवून घेऊ शकतो. म्हणून ‘आधी खडा भरून द्या, मग मजुरी देतो’ असे म्हणून दागिना तिथेच अडकवू नका. ‘हरकत राखून’ असे बिलावर लिहून मजुरी द्या, दागिना ताब्यात घ्या आणि मग भांडा.

पावतीमागच्या बारीक अटी

‘खडे पडल्यास आम्ही जबाबदार नाही.’ अनेक पावत्यांच्या मागे ही ओळ छापलेली असते आणि ती वाचून ग्राहक परत फिरतो. फिरू नका. छापील ओळीने निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने १९६०च्या दशकात एका लाँड्रीच्या पावतीवरची अट अमान्य केली होती. कपडा हरवला तर किमतीचा थोडाच हिस्सा देऊ, असे त्या पावतीवर छापले होते. हलगर्जी करणाऱ्यालाच संरक्षण देणारी अशी अट लोकहिताविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मात्र सगळ्या अटी सारख्या नसतात. ‘डावीकडचा खडा मुळातच सैल, ग्राहकाच्या सांगण्यावरून तसाच ठेवला’ असे तुमच्या दागिन्याविषयी हाताने लिहिलेले असेल आणि खाली तुमची सही असेल, तर ते तुमच्यावर बंधनकारक ठरेल. सरसकट छापील नकार आणि नेमका लेखी इशारा यांत हा फरक आहे. सही करण्यापूर्वी कोणता आहे ते पाहा.

तक्रार कुठे, कशी?

आधी नोटीस. वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पोच सांभाळा. नमुना असा:

*“दि. … रोजी पावती क्र. … प्रमाणे माझी हिऱ्याची कुडी (७ हिरे, वजन … ग्रॅम) आपल्याकडे दुरुस्तीस दिली. दि. … रोजी ती परत मिळाली. दि. … रोजी त्यातील एक हिरा पडला. त्याच दिवशी आपणांस फोटोसह कळवले आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याच दर्जाचा हिरा बसवून द्यावा किंवा त्याची किंमत रु. … आणि मजुरी रु. … परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.”*

मग हेल्पलाइन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार नोंदवली की ती संबंधित व्यापाऱ्याकडे पाठवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण अनेक वाद इथेच मिटतात. पुण्यात सल्ल्यासाठी ग्राहक पंचायतीचा पर्यायही आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली ही चळवळ पुण्यातलीच.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. लक्षात ठेवायचे मुद्दे:

- तक्रार घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची.
- तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दुरुस्ती कोल्हापूरच्या गुजरीत झाली असली तरी पुण्यात राहणाऱ्याला पुण्यात दाद मागता येईल.
- कोणता आयोग, हे तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये. दुरुस्तीत मोबदला म्हणजे मजुरी. त्यामुळे हिरा कितीही महाग असला तरी असे प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.
- तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.
- दोन्ही पक्षांची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. दागिन्यांच्या वादात हा मार्ग बरा, कारण दोघांनाही पुन्हा एकमेकांचे तोंड पाहायचे असते.
- वकिलाची गरज वाटली तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळू शकते.

आयोग खड्याची किंमत, मजुरी, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च देऊ शकतो. पण आजीच्या नथीच्या आठवणीची किंमत त्यात येईल या आशेवर जाऊ नका. रक्कम पुराव्याएवढीच मिळते.

पोलिसांकडे केव्हा? खडा निसटणे हा गुन्हा नाही. अस्सल खडा काढून खोटा बसवल्याचा ठोस पुरावा असेल, म्हणजे आधीचे प्रमाणपत्र आणि नंतरचा प्रयोगशाळेचा अहवाल जुळत नसेल, तरच भारतीय न्याय संहितेतल्या विश्वासघाताच्या (कलम ३१६) किंवा फसवणुकीच्या (कलम ३१८) तक्रारीचा विचार करा. निव्वळ संशयावर काउंटरवर ‘चोर’ म्हटलेत तर अब्रूनुकसानीचे प्रकरण तुमच्यावरच उलटू शकते.

नेहमी होणाऱ्या चुका

- ‘आमचे तीन पिढ्यांचे सराफ आहेत’ म्हणून पावती न घेणे. पिढीजात विश्वास माणसावर असतो. पाच दिवसांत दागिना चार हातांतून जातो.
- खडा पडल्यावर दोन-तीन महिने थांबणे. ‘इतके दिवस काय करत होता?’ हा पहिला प्रश्न असतो आणि त्याला उत्तर नसते.
- एका पिशवीत चार दागिने देऊन एकच वजन लिहून घेणे. प्रत्येक डागाचे वजन वेगळे हवे.
- खड्याची अंगठी घालूनच कणीक मळणे, भांडी घासणे, जिममध्ये वजन उचलणे. अशा वापराने काटे वाकतात आणि पेढीला आयते कारण मिळते.
- रोजच्या वापरातला दागिना वर्षानुवर्षे न तपासणे. वर्षातून एकदा भिंगाखाली नजर टाकली तर सैल काटा पाच मिनिटांत दाबून मिळतो.

आईच्या कुडीत नंतर बसवलेला सातवा हिरा बाकीच्या सहांपेक्षा किंचित पांढरा आहे. ठाऊक असणाऱ्यालाच तो दिसतो. तेव्हापासून तिच्या डब्यात प्रत्येक डागाबरोबर एक चिठ्ठी असते: वजन, खडे किती, मोती किती, कुठला काटा झिजलेला. दुरुस्तीला जाताना दागिना आणि चिठ्ठी बरोबरच जातात आणि काउंटरवर आई शांतपणे म्हणते, “हे एवढं तुमच्या पावतीवर उतरवून द्या.” लिहून घ्यायला पाच मिनिटे लागतात. आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.